भावाच्या फर्लोसाठी जामीनदार म्हणून सही करावी का?

माणगंगेकाठचा (धागाकर्ता)
शुक्रवार, रात्री 11:20

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतोय, लिहिलं कमी. आयडी नवा काढलाय, का ते पुढे कळेलच.

आमचं गाव माणदेशात. भावकीत एक सामाईक विहीर, तिच्या पाळीवरून दोन पिढ्यांचं वैर. लाईट रात्रीची यायची, त्यामुळे मोटर चालू करायलाही रात्रीच जावं लागायचं. अशाच एका रात्री भांडण झालं आणि समोरचा एकजण दवाखान्यात नेता नेता गेला. फिर्यादीत घरातल्या सगळ्या बाप्यांची नावं घालायची आमच्याकडे पद्धतच आहे. वडील, थोरला भाऊ आणि मी, तिघांचीही नावं आली. मी त्या रात्री सोलापुरात होतो, दुसऱ्या दिवशी बँकेची लेखी परीक्षा होती. हॉल तिकीट, हजेरीपटावरची सही आणि लॉजचं रजिस्टर यांच्या जोरावर चार्जशीटमधून माझं नाव निघालं. वडील खटला चालू असतानाच वारले. दादाला 302 खाली जन्मठेप लागली. हायकोर्टात अपील फेटाळलं.

ती परीक्षा मी पास झालो. आता पिंपरी-चिंचवडला असतो. नोकरी आहे, हप्त्याचा फ्लॅट आहे, दोन मुली आहेत.

आजवर फर्लोला, म्हणजे कैद्याला वर्षाकाठी मिळणाऱ्या रजेला, आई जामीनदार असायची. गावचा पत्ता दिला की पोलिसांचा अहवाल विरोधात जायचा, फिर्यादी पक्ष शेजारीच राहतो म्हणून. मग आईने मामाच्या गावचा पत्ता दिला आणि रजा मिळायला लागली. ती त्याला घेऊन तिकडेच राहायची, त्याला रोज भाकरी करून घालायची, आणि गेटवर सोडून आली की आठवडाभर कुणाशी बोलायची नाही. गेल्या वर्षी आई गेली. मामा म्हणाले, बहिणीसाठी करत होतो, आता माझ्याने होणार नाही.

दादाने जेलमधून फोन केला. फॉर्मवर 'रजेच्या काळात कोणाकडे राहणार' असा रकाना असतो. तो म्हणाला, "मी कोरा ठेवलाय. तू सांगशील तर तुझं नाव घालतो. न्हाय म्हणलास तरी मला काय वाटणार न्हाय."

अडचणी सांगतो. माझ्या मुलींना त्यांचे काका बहारीनला आहेत एवढंच माहीत आहे. सोसायटीत कुणालाच माहीत नाही. बायकोला लग्नाआधीच सांगितलं होतं, पण तेव्हा आई होती, गाव होतं, हे सगळं लांब होतं. ती म्हणते, पैसे पाठव, भेटायला जा, मी कधी अडवलं नाही, पण घरात नको. तिचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही.

सही केली तर नेमकी जबाबदारी काय येते? नोकरीला धोका आहे का? आणि तुमच्यापैकी कुणी हे केलंय का?

---

चहाबाज
शुक्रवार, रात्री 11:48

वाचून सुन्न झालो. सल्ला द्यायची लायकी नाही, पण धागा वर राहावा म्हणून लिहितोय. इथे वकील मंडळी आहेत, येतील.

---

कलम_आणि_कागद
शनिवार, सकाळी 8:05

वकिली करतो, फौजदारी बाजू जास्त. एकेक घेतो.

पहिलं, फर्लो आणि पॅरोल यांत गल्लत नको. आपल्याकडे दोन्ही 1959 च्या नियमांखाली येतात. फर्लो म्हणजे संचित रजा. तिच्यासाठी कारण सांगावं लागत नाही. ठरावीक काळ शिक्षा भोगलेल्या आणि वर्तन बरं असलेल्या कैद्याला ती दर वर्षी मागता येते, मंजुरी कारागृह उपमहानिरीक्षकांची. बाहेर काढलेले दिवस शिक्षेतच मोजले जातात. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा, ती आजारपण, मृत्यू, लग्न अशा कारणांसाठी, आणि ते दिवस शिक्षेत धरत नाहीत. फर्लो हा निर्विवाद हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये याच नियमांवरच्या गुजरातच्या एका प्रकरणात स्पष्ट केलंय. पण नुसतं 'पोलिसांचा विरोध आहे' एवढ्यावर नाकारलं तर हायकोर्टात दाद मागता येते, आणि ती अनेकांना मिळालेली आहे.

जामीनदाराचं म्हणाल तर, नातेवाइकाने लिहून द्यायचं की मी त्याला ठेवून घेईन आणि वेळेवर परत पाठवीन. बंधपत्रावर रक्कम असते. भाऊ वेळेत हजर झाला नाही तर त्याच्यावर वेगळा गुन्हा, त्याचे माफीचे (शिक्षेतून कमी झालेले) दिवस कापले जाणार, पुढच्या रजा अवघड होणार, आणि तुमची रक्कम जप्त होऊ शकते. त्यापायी तुम्हाला तुरुंग नाही. तुम्ही त्याला लपवलंत तर मात्र गोष्ट वेगळी.

नोकरी: चारित्र्य पडताळणीत विचारतात ते तुमच्यावरच्या गुन्ह्यांबद्दल. भावाची शिक्षा तुमच्या रेकॉर्डला लागत नाही. तुमचं नाव फिर्यादीत होतं आणि नंतर वगळलं गेलं, तो कागद मात्र जपून ठेवा. कुठल्या फॉर्मवर 'कधी गुन्हा दाखल झाला होता का' असं विचारलं तर खरं लिहायचं. लपवल्याचा त्रास मूळ गोष्टीपेक्षा जास्त होतो.

एक प्रश्न मला पडला. वहिनी आहेत ना? पत्नी जामीनदार होऊ शकते.

---

माणगंगेकाठचा
शनिवार, सकाळी 9:30

आभार, हे इतकं स्वच्छ मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

वहिनी आहे. घटस्फोट घेतलेला नाही. ती माहेरी तिच्या भावाच्या घरात राहते, द्राक्षाच्या बागेत मजुरीला जाते, पुतण्या आयटीआयला आहे. तिच्या भावाने स्पष्ट सांगितलंय, बहीण आणि भाचा जन्मभर माझ्याकडे राहिले तरी चालतील, दाजी उंबऱ्यात नकोत. त्यालाही दोष कसा देणार?

---

कायद्याने_वागा
शनिवार, सकाळी 10:12

कुणाला आवडो न आवडो, लिहितोच. ज्याचा जीव गेला त्याला फर्लो मिळते का? तुमचा भाऊ वर्षाला सुट्टीवर येतो, आईच्या हातची भाकरी खातो, आणि तिकडे एक घर कायमचं बसलेलं. सही करू नका. शिक्षा म्हणजे शिक्षा.

---

रानजाई
शनिवार, सकाळी 10:40

@कायद्याने_वागा, धागाकर्त्याने शिक्षा रद्द करा असं कुठे म्हटलंय? रजेची तरतूद शिक्षेचाच भाग आहे. ती नको असेल तर विधानसभेत जा, या माणसाच्या धाग्यावर कशाला?

---

निवृत्त_खाकी
शनिवार, दुपारी 1:15

कारागृह खात्यात नोकरी केली, सुभेदार म्हणून बाहेर पडलो. कुठल्या जेलला ते विचारू नका.

गेटवरून मुलाखतीची रांग बघून बघून मला एक हिशोब कळाला. पहिल्या वर्षी सगळे येतात. काका, मित्र, गावचा सरपंच. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बायको आणि आई. बायकोचं येणं कमी होत जातं, कारण तिला पोटापाण्याचं बघायचं असतं. आई मात्र मरेपर्यंत येते. पिशवीत चपला, बनियन, चालतील तेवढे कपडे, आत घेत नाहीत असं माहीत असून चिवडा. तो परत घेऊन जाते आणि पुढच्या खेपेला पुन्हा आणते.

भाऊ कधी येतो? आई गेली की. तोवर त्याला यायची गरजच पडलेली नसते, आईच सगळं निभावत असते. आणि आई गेल्यावर पहिल्यांदा जो भाऊ येतो ना, त्याला मुलाखतीचा अर्ज कुठे मिळतो इथपासून विचारावं लागतं. बरेच एकदाच येतात. आईची बातमी देतात, शेताचं बोलतात, जातात.

त्यानंतर त्या कैद्याची फर्लो बंद पडते. वर्तन चांगलं, माफी भरपूर, पण फॉर्मवर घालायला नाव नाही. असे किती जण बघितले. आमच्या वेळी एक म्हातारा दर वर्षी फॉर्म घ्यायचा आणि तो रकाना बघून परत द्यायचा.

धागाकर्त्याला एवढंच सांगतो, तुमच्या भावाने रकाना कोरा ठेवून फोन केला. बाकीचे आधी नाव लिहून टाकतात, घरच्यांना कळतं ते दारात पोलीस आल्यावर.

---

शब्दवेडी
शनिवार, दुपारी 2:50

खाकीकाका, अंगावर काटा आला.

मी दुसऱ्या बाजूची आहे, म्हणजे मी सही केली नाही. माझा धाकटा भाऊ फसवणुकीच्या केसमध्ये आत होता, 420 आणि इतर कलमं. त्याने पैसे बुडवले त्यांत माझे सासरे होते. जामिनाला उभं राहा म्हणून आई माझ्या पाया पडली. मी नाही म्हणाले. तो नंतर दुसऱ्या कुणाच्या जामिनावर सुटला, खटला अजून चालू आहे. राखीला पोस्टाने राखी पाठवते, पोच येत नाही.

मला पश्चात्ताप नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण अशा धाग्यांवर शेवटी सगळे 'रक्ताचं नातं' वगैरेवर येतात. सही न करणारी माणसंही माणसंच असतात. तुमच्या बायकोचं म्हणणं मला पूर्ण पटतं. तिला विचारा की तिला भीती नक्की कशाची आहे. दादांची? सोसायटीची? की मुलींना आता खरं सांगावं लागेल याची? या तिन्हींवर उपाय वेगळे आहेत.

---

परत_आलेला
शनिवार, रात्री 9:05

शब्दवेडी, तुमच्या पोस्टबद्दल आदर आहे.

मी आत होतो. कच्चा कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेला, चार वर्षांच्या आसपास, मग निर्दोष सुटलो. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) 2022 च्या अहवालानुसार देशातल्या तुरुंगांत 75 टक्क्यांहून जास्त लोक कच्चेच होते, म्हणजे माझं काही वेगळं नव्हतं.

माझा भाऊ माझ्यापेक्षा दीड वर्षाने मोठा. एका खाटेवर झोपून वाढलो. मुलाखतीला काचेच्या पलीकडे बसायचा, इकडे-तिकडे फोन. आजूबाजूला वीस जण एकदम ओरडून बोलत असतात, त्यामुळे फोन असूनही ओरडावं लागतं. आई यायची तेव्हा मी रडून मोकळा व्हायचो. भाऊ आला की दोघेही हिशोब बोलायचो. वकिलाला किती दिले, मनीऑर्डर पोचली का, कँटीनमध्ये खात्यावर किती शिल्लक आहे. वेळ संपायला आली की तो म्हणायचा, "बाकी?" मी म्हणायचो, "बाकी बरंय." एवढंच.

आत असताना मला त्याचा राग यायचा. त्याने काही केलं म्हणून नाही. त्याने गाडी घेतली, त्याला मुलगा झाला, त्याचं पोट सुटलं. दर खेपेला तो थोडा बदललेला असायचा आणि मी तिथेच. कोर्टाच्या तारखेला तो बाहेर वडापाव घेऊन उभा असायचा, सोबतच्या पोलीस पार्टीतल्या हवालदाराला विनवून माझ्या हातात द्यायचा, आणि मला वाटायचं, हा संध्याकाळी घरी जाणार. नंतर तारखा व्हीसीवर (व्हिडिओ कॉलवर) व्हायला लागल्या, तो वडापावही बंद झाला.

बाहेर आल्यावर कळलं, त्याने माझ्यापायी बढतीची बदली नाकारली होती, मुलाखतीचा वार चुकेल म्हणून. मला कधी बोलला नाही. मीही त्याला त्या रागाबद्दल कधी बोललो नाही. आता आम्ही एकाच गल्लीत राहतो आणि क्रिकेटवर बोलतो.

आणखी एक. आतल्या लोकांसाठी जे काही निघतं ते बायका-मुलांसाठी असतं. महाराष्ट्रात 'गळाभेट' सुरू झाली, कैद्याला आपल्या लहान मुलांना काचेशिवाय जवळ घेता येतं. फार चांगली गोष्ट आहे, आमच्या बराकीत लोक आदल्या रात्री झोपायचे नाहीत. पण भावाला गळाभेट नाही. भाऊ आठवतो तो जामीनदार लागतो तेव्हाच.

---

सह्यकडा
शनिवार, रात्री 10:20

विषय निघालाच आहे तर, सावरकरांच्या घरात हेच झालं होतं. बाबाराव आणि तात्याराव दोघे अंदमानात, धाकटे नारायणराव बाहेर. वर्षाकाठी मिळणारं पत्र त्यांच्याच नावे यायचं. बाहेर राहिलेल्या भावाबद्दल आपण कितीसं बोलतो?

---

रानजाई
शनिवार, रात्री 10:31

मुद्दा चांगला आहे, पण तिथे समाज आज ना उद्या हार घालणार होता. इथे बहारीन सांगावं लागतं.

---

संपादक मंडळ
शनिवार, रात्री 11:00

सूचना: धागा राजकारणाकडे नेऊ नये. त्या दिशेचे चार प्रतिसाद उडवले आहेत. तसेच कुणीही गाव, पोलीस ठाणं किंवा व्यक्ती ओळखता येईल असे तपशील विचारू नयेत.

---

काळी_माती
रविवार, सकाळी 7:40

रात्रभर विचार करून लिहितोय. माझा भाऊ असाच मारला गेला. बांधावरूनच. मारणारा आमच्याच आडनावाचा.

तो रजेवर येणार असला की आमच्याकडे हवालदार येतो, जबाब घेतो, तुमची हरकत आहे का म्हणून. त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटत नाही. आई म्हणते हरकत लिही. मी लिहितो. एकदा हवालदारच म्हणाला, लिहा, पण तो येणारच आहे, सावध राहा. हे 'सावध राहा' कुठल्या कागदावर नसतं.

मला तुमच्या भावाबद्दल काही वाटून घ्यायचं नाही. पण तुम्ही पिंपरीचा पत्ता देताय हे वाचून, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. गावात तो दिसू नये, चावडीवर बसू नये, यात्रेला येऊ नये, एवढंच आम्हाला हवं असतं. तो कुठेतरी असणारच आहे. समोर नको. माझ्या भावाच्या पोरांना त्याच रस्त्याने शाळेत जायचं असतं.

सही करायची तर करा. पण त्याला गावाकडे फिरकू देऊ नका, ती तुमची जबाबदारी धरा. बंधपत्रावर लिहिलेली नसली तरी.

---

माणगंगेकाठचा
रविवार, सकाळी 8:55

काळी_माती, तुम्हाला काय उत्तर देऊ? समोरच्या घरातला धाकटा माझ्या वर्गात होता. कॉलेजला एका एसटीने जायचो. त्या रात्रीनंतर बोललेलो नाही. आईच्या दहाव्याला गावी गेलो तेव्हा तो पारावर बसला होता. मी बघितलं, त्याने बघितलं, तो उठून गेला. भाऊ त्याचाही गेला, माझाही गेला, पण हे दोन्ही एका तराजूत घालायची माझी हिंमत नाही.

तुमचं म्हणणं मी दादाला सांगेन. फोनवर नाही, मुलाखतीला जाऊन.

---

कायद्याने_वागा
रविवार, सकाळी 9:20

@काळी_माती यांच्या पोस्टनंतर माझ्या प्रतिसादात भर घालण्यासारखं काही नाही. त्यांनी हक्काने जे लिहिलं ते मी न भोगता लिहिलं होतं.

---

कलम_आणि_कागद
रविवार, दुपारी 12:10

काळी_माती यांनी लिहिलेलं कायद्यातही बसवता येतं. अर्जासोबत जामीनदाराने स्वतःहून लिहून द्यावं की रजेच्या काळात कैदी अमुक पत्त्यावर राहील आणि मूळ गावच्या तालुक्यात जाणार नाही. मंजुरीच्या आदेशात तशी अट घालता येते. त्याने पोलिसांच्या विरोधातली हवाही निघते, आणि समोरच्या घरालाही लेखी आधार मिळतो.

शिवाय एक पुढचं सांगून ठेवतो. जन्मठेप म्हणजे 14 वर्षं हा गैरसमज आहे. 302 सारख्या गुन्ह्यात प्रत्यक्ष 14 वर्षं भोगल्याशिवाय मुदतपूर्व सुटकेचा विचारच होत नाही (फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम 433अ). त्यानंतरही राज्याची 1992 आणि 2010 ची मार्गदर्शक तत्त्वं लागतात. गुन्ह्याच्या गटवारीनुसार कुणाला 14, कुणाला 20, कुणाला त्याहून जास्त. तो प्रस्ताव निघेल तेव्हा फर्लोच्या नोंदी बघितल्या जातात, वेळेवर परत आला की नाही ते, आणि सुटल्यावर कुणाकडे राहणार हेही. म्हणजे आज जो प्रश्न तीन आठवड्यांचा वाटतोय तोच उद्या कायमचा येणार आहे. घरात बोलताना दोन्ही एकदम बोला.

जमिनीचं कुणी विचारलं नाही, पण विचारणारच आहात. शिक्षेमुळे त्याचा वडिलोपार्जित हिस्सा जात नाही. वारस नोंदीत त्याचं नाव लागलंच पाहिजे. 'तो आत आहे' म्हणून तलाठ्याकडे परस्पर काही करू नका. आणि वाटणी किंवा हक्कसोड करायचीच असेल तर नोंदणी कायद्याच्या कलम 38 नुसार तुरुंगातल्या माणसाला निबंधक कार्यालयात हजर राहण्यातून सूट आहे. अधिकारी तिथे जाऊन किंवा आयोग नेमून त्याचा जबाब घेतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही.

---

तिसरी_मुलगी
रविवार, दुपारी 3:35

मुलींचं कुणीच बोललं नाही, म्हणून मी.

मी ती मुलगी आहे. माझे काका 'दुबईला' होते. मी सहावीत असताना आत्येभावाने भांडणात सगळं ओकून टाकलं. काका जेलमध्ये आहेत यापेक्षा मला जास्त लागलं ते हे की दिवाळीला त्यांच्या नावाने येणारे फ्रॉक आईच मंडईतून आणायची. मग मला वाटायला लागलं, आजोबा खरंच हार्ट अटॅकने गेले का, बाबांचं ऑफिस खरंच आहे का. एकदा तर मी बाबांच्या मागे बसस्टॉपपर्यंत गेले होते.

मुलींना तुम्ही सांगा, बाहेरून कळायच्या आत. मोठी किती वर्षांची आहे?

---

माणगंगेकाठचा
रविवार, दुपारी 4:10

दहा. धाकटी सहा.

फ्रॉकचं वाचून बायको उठून आत गेली. आमच्याकडे चॉकलेटं असतात. डबा बहारीनचा म्हणून.

---

चहाबाज
रविवार, रात्री 8:00

पुतण्याच्या आयटीआयच्या खर्चाचं एक आठवलं. 2022 मध्ये येरवड्यात राज्य सहकारी बँकेची 'जिव्हाळा' नावाची कर्ज योजना सुरू झाली होती. कैद्याला 50,000 रुपयांपर्यंत, 7 टक्के व्याजाने, परतफेड आतल्या मजुरीतून. गंमत म्हणजे त्याला जामीनदार लागत नाही! तुमच्या दादांच्या जेलमध्ये मिळते का ते जेल ऑफिसला विचारून बघा. पोराची फी बापाच्या कमाईतून गेली तर पोरालाही बरं वाटेल.

---

परत_आलेला
रविवार, रात्री 9:25

आणि मुंबई बाजूला कुणी वाचत असेल तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'प्रयास'ची माणसं जेलमध्ये येतात, घरच्यांशीही बोलतात. माझ्या आईला 'तुमची तब्येत कशी आहे' असं विचारणारी पहिली बाई त्यांचीच होती.

धागाकर्ते, दादा घरी आले तर पहिले दोन दिवस त्यांना एकटं सोडा. दरवाजा आतून लावता येतो हेच त्यांना नवीन असणार. मी संडासचा दरवाजा उघडा ठेवायचो. वहिनींना आधी सांगून ठेवा, म्हणजे घाबरणार नाहीत.

---

माणगंगेकाठचा
(साधारण महिन्याने) मंगळवार, रात्री 10:45

बरेच जण व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारत होते, म्हणून लिहितो.

सही केली. बायकोची अट होती, मुलींना आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला आधी सांगायचं, हवालदार गेटवर येऊन वॉचमनला विचारायच्या आत. सेक्रेटरींनी ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाले, तुमचा फ्लॅट तुमच्या नावावर आहे, मी कोण विचारणारा. पण त्यानंतर लिफ्टमध्ये भेटले तेव्हा मोबाईलमध्ये बघत होते. चालायचंच.

मोठीला बायकोनेच सांगितलं, मी बाजूला बसलो होतो. तिने विचारलं, "मग चॉकलेट कोण आणतं?" आणि थोड्या वेळाने, "काकांनी मुद्दाम मारलं का?" मी म्हणालो, मी तिथे नव्हतो. हेच खरं उत्तर आहे आणि हेच मी कोर्टालाही दिलं होतं. तिचं समाधान झालेलं नाही, रोज काहीतरी विचारते. धाकटीला अजून सांगितलेलं नाही.

दादाला भेटून काळी_मातींचं सांगितलं. तालुक्यात न जाण्याचं त्याने लगेच कबूल केलं. फक्त एक म्हणाला, "आईच्या वर्षश्राद्धाला?" मी म्हणालो, पुण्यात घालू. तो गप्प बसला, मग म्हणाला, "घाल. तू घालशील तिथं." मोठा तो आहे, विचारायचं मी त्याला, पण आता उलटं झालंय आणि दोघांनाही ते जमत नाही.

हवालदार येऊन जबाब घेऊन गेला. सभ्य माणूस होता, चहा घेतला. अहवाल वर गेलाय म्हणतात. पुतण्याला कळवलंय, तो येतो म्हणाला, वहिनीचं अजून काही नाही.

एक शंका. रजेत पोलीस ठाण्यात हजेरी असते ती रोज की आठवड्याला? माझी ड्युटी सकाळची आहे, सोबत कुणी जायलाच हवं का?

---

निवृत्त_खाकी
मंगळवार, रात्री 11:10

मंजुरीच्या आदेशात लिहिलेलं असतं, दर वेळी सारखं नसतं. हजेरीला तो एकटा जाऊ शकतो, पण पहिल्या दिवशी तुम्ही बरोबर जा, ड्युटीवरच्या अंमलदाराला चेहरा दाखवा, वहीत सही झाली का ते बघा. आदेशाच्या दोन झेरॉक्स काढा, एक त्याच्या खिशात कायम. परत जायच्या दिवशी संध्याकाळची वेळ दिलेली असली तरी दुपारीच गेटवर पोचा, पुण्याच्या ट्रॅफिकचं कारण जेलमध्ये चालत नाही. आणि आत जाताना नवीन कपडे घालून पाठवू नका, झडतीत काढून ठेवायला लावतात आणि मग ते सापडत नाहीत.